डायनासोर, पिनबॉल आणि माझी केटी

मंडळी, सुरुवातीलाच कबूल करते. मला दिलेला विषय होता 'अमेरिकेतली माझी सुट्टी'. पण सहा आठवडे मामाकडे राहून सगळ्यात जास्त लक्षात काय राहिलं, तर एका बेसमेंटमधलं पिनबॉल मशीन आणि त्याच्या पोटातली तांब्याच्या तारेची मूठभर गुंडाळी. तेव्हा तेच लिहिते. टेक्निकल शब्द इंग्लिशच राहतील, सांभाळून घ्या. सोलेनॉइडला दहावीच्या मराठी पुस्तकात 'नालकुंतल' म्हणतात हे मला रूममेटने सांगितलं. शब्द सुंदर आहे, पण व्हायव्हात वापरायची हिंमत माझ्यात नाही.

आता व्हायव्हाचं निघालंच आहे तर आधी ते सांगून टाकते. चौथ्या सेमला मशीन्सच्या ओरलला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "डीसी सोलेनॉइडला सप्लाय दिला, प्लंजर आत ओढला गेला. आता करंट कमी होईल का?" मी एका सेकंदात म्हटलं, "हो सर, कमी होईल." त्यांनी विचारलं, "का?" मी म्हटलं, "इंडक्टन्स वाढतो म्हणून." सरांनी पेनाचं टोपण लावलं. २५ पैकी ८ मार्क. आमच्या बॅचमध्ये ओरलला केटी लागलेल्या आम्ही दोघीच. घरी फोनवर मी 'पेपर अवघड होता' असं सांगितलं. ओरलला पेपर नसतो हे आईला माहीत नाही म्हणून बरं.

वाईट ह्याचं वाटलं की चूक काय झाली हे मला कळलंच नव्हतं. नोट्समध्ये तर अगदी तसंच लिहिलेलं होतं!

सुट्टीत शिकागोच्या एका उपनगरात मामाकडे गेले. पिनबॉल बनवणाऱ्या जुन्या मोठ्या कंपन्या बहुतेक ह्याच शहरातल्या. गॉटलीब, बॅली, विल्यम्स आणि आजची स्टर्न, सगळ्या शिकागो आणि आसपासच्या. मामाचे शेजारी तिथले एक आजोबा. आयुष्यभर मशीन दुरुस्तीचं काम केलेले, आता रिटायर. त्यांच्या बेसमेंटमध्ये दोन पिनबॉल मशीन्स. एक बरंच जुनं. दुसरं त्यांच्याकडे नुकतंच आलेलं, स्टर्न कंपनीने २०१९ मध्ये काढलेलं 'ज्युरासिक पार्क'. मामा म्हणाला, "अगं जा, खेळून ये. नाहीतरी इथे दिवसभर मोबाइलच बघत बसतेस."

पिनबॉल मी तोपर्यंत फक्त कम्प्युटरवर खेळले होते. आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या लॅबमध्ये विंडोज एक्सपीवर 'स्पेस कॅडेट' खेळलंय किंवा दादा-ताईला खेळताना बघितलंय. मला वाटलं, तेच मोठ्या आकारात असेल. पण नाही हो! पहिला फरक म्हणजे आवाज. स्पीकरचा नाही, लाकडाचा. फ्लिपर मारला की 'ठॉक' असा आवाज तळहातातून कोपरापर्यंत जातो. बॉल साधारण २७ मिलिमीटर व्यासाचा, ८० ग्रॅमचा स्टीलचा गोळा. तो काचेखाली खऱ्याखुऱ्या वजनाने धावतो, प्लास्टिकवर आपटतो, रॅम्पवर अर्धा चढून परत येतो, तेव्हा आपण आपोआप अंग चोरतो.

आणि तो टी-रेक्स! आजोबांकडचं मॉडेल प्रीमियम, त्यात टी-रेक्सचं डोकं हलतं. तो मान खाली घालून बॉल तोंडात उचलतो आणि मग फेकतो. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा तोंड उघडं टाकून बघतच राहिले. त्याने बॉल फेकला आणि तो माझ्या दोन्ही फ्लिपरच्या मधून सरळ खाली गेला. मी बटणाला हातही लावला नव्हता. आजोबा म्हणाले, "सगळ्यांचं असंच होतं." (ही युक्ती नवीन नाही. १९९३ मध्ये चित्रपट आला त्याच वर्षी डेटा ईस्ट कंपनीच्या 'ज्युरासिक पार्क' मशीनमध्येही बॉल खाणारा टी-रेक्स होता.)

चित्रपट म्हणून बघाल तर गोष्ट अशी की बेटावर डायनासोर मोकळे सुटलेत आणि आपण कुंपणाकुंपणातून माणसांना सोडवायचं. टेबलाच्या मध्यावर बेटाचा नकाशा आहे, दिवे लागतात, वर एलसीडी स्क्रीनवर बरंच काही चालू असतं. काय चालू असतं ते विचारू नका. नजर बॉलवरून हलवली की बॉल गेला! खरं सांगू का, पहिल्या दिवशी मला ते सगळं नुसतं जत्रेसारखं वाटलं. तीन बॉल, दोन मिनिटं, खेळ खलास. मी दोन्ही बटणं एकदम, जीव खाऊन दाबत होते आणि मनात म्हणत होते की हा निव्वळ नशिबाचा मामला आहे.

असं वाटणारी मी पहिली नाही. न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये पिनबॉल हा जुगार आहे म्हणून त्यावर बंदी घातली होती. तेव्हा ते फारसं चूकही नव्हतं, कारण फ्लिपरच नव्हते. ते आले १९४७ मध्ये, गॉटलीबच्या 'हम्प्टी डम्प्टी' मशीनवर. त्याआधी बॉल सोडायचा, फार तर टेबलाला धक्के द्यायचे आणि बघत बसायचं. ती बंदी उठली १९७६ मध्ये. रॉजर शार्प नावाच्या खेळाडूने अधिकाऱ्यांसमोर मशीन खेळून दाखवलं आणि बॉल कुठून जाणार ते आधी सांगून तिथूनच घालवला. बघा, म्हणजे प्रॅक्टिकल देऊन एका शहराचा कायदा बदलला.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी मला एकच गोष्ट शिकवली. बॉल खाली येतोय असं दिसलं की मारायचं नाही. फ्लिपर आधीच वर उचलून धरायचा. बॉल फ्लिपरच्या वर, त्या कोपऱ्यात येऊन बसतो आणि थांबतो. मग आपल्याला हवा तेवढा वेळ. श्वास घ्या, कुठे मारायचं ते ठरवा, फ्लिपर सोडा, बॉल टोकाकडे घरंगळायला लागला की मारा. टोकाच्या जवळून मारला तर एकीकडे, मुळाशी मारला तर दुसरीकडे.

हे जमतं कारण टेबलाचा उतार फार कमी असतो, साधारण साडेसहा अंश. मी तिथेच पेपर नॅपकिनवर गणित केलं. साडेसहाचा साइन ०.११३, गुणिले ९.८, आणि बॉल घसरत नाही तर लोळतो म्हणून वर ५/७. प्रवेग आला जेमतेम ०.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणजे वरून नुसता सोडलेला बॉल सव्वामीटरच्या आतलं टेबल उतरायला दीड सेकंदाहून जास्त घेईल. टेबलावर जी वेड्यासारखी पळापळ दिसते त्यातला मोठा वाटा फ्लिपरचा, गुरुत्वाकर्षणाचा नाही. हे कळल्यावर माझी भीती निम्मी झाली. मशीनचे डिझायनर कीथ एल्विन हे आधी जागतिक विजेतेपद मिळवलेले खेळाडू आणि नंतर डिझायनर. म्हणूनच असेल, पण नेम धरून मारलेला बॉल रॅम्पवरून फिरून बरोबर दुसऱ्या फ्लिपरपाशी येऊन पोचतो. पहिल्या दिवसाची जत्रा तिसऱ्या दिवशी भूमितीसारखी दिसायला लागली.

आणि मग एकदा मी असाच बॉल उजव्या फ्लिपरवर धरून, बटण दाबून उभी होते. दहा सेकंद, पंधरा सेकंद. अचानक डोक्यात आलं, अरे, हा फ्लिपर सोलेनॉइडने चालतो. डीसी सोलेनॉइडने. मी बटण दाबून ठेवलंय म्हणजे करंट चालूच आहे. मग कॉइल जळत का नाही? आणि ते टोपण लावणारे सर डोळ्यांसमोर उभे राहिले.

आजोबांना विचारलं. ते काहीच बोलले नाहीत. जुनं मशीन बंद केलं, काच काढली, बॉल काढले आणि कारचं बॉनेट उचलावं तसं आख्खं टेबल उचललं. खाली वायरींचं जंगल. फ्लिपरच्या कॉइलपाशी त्यांनी बोट ठेवलं. दोन टोकं हवीत, तिथे तीन टॅग. म्हणजे आत दोन वाइंडिंग. एक जाड तारेचं, रेझिस्टन्स अगदी थोडा. दुसरं बारीक तारेचं, पुष्कळ वेढ्यांचं, रेझिस्टन्स भरपूर. दोन्ही सिरीजमध्ये, पण दुसऱ्याला एका छोट्या पत्त्याच्या स्विचने शॉर्ट केलेलं. फ्लिपर पूर्ण वर गेला की त्याचाच एक दांडा तो स्विच ढकलून उघडतो. ह्याला एंड ऑफ स्ट्रोक स्विच म्हणतात.

आता आकडे घालून बघा. समजा सप्लाय ५० व्होल्ट, जाड वाइंडिंग ४ ओहम, बारीक १५० ओहम. सुरुवातीला फक्त ४ ओहम, म्हणजे करंट साडेबारा अँपिअरपर्यंत जाऊ शकतो आणि पॉवर ६२५ वॅट. एवढ्याशा गुंडाळीत, आमच्या मेसच्या मिक्सरपेक्षा जास्त! तसंच चालू राहिलं तर थोड्याच वेळात धूर. स्विच उघडला की १५४ ओहम, करंट ०.३२ अँपिअर, पॉवर सुमारे १६ वॅट. हे मात्र कॉइल सहन करते.

पण मग एवढ्याशा करंटवर फ्लिपर वर राहतो कसा? कारण प्लंजर आत जाऊन टेकलेला असतो, हवेची फट उरलेली नसते. ओढून आणायला जोर लागतो, टेकल्यावर नुसतं धरून ठेवायला फार थोडा पुरतो. शिवाय बारीक तारेचे वेढे पुष्कळ, त्यामुळे अँपिअर-टर्न्स अगदीच पडत नाहीत.

म्हणजे सरांच्या प्रश्नाचं उत्तर होतं, नाही. डीसीमध्ये करंट आपणहून कमी होत नाही. प्लंजर सरकत असताना क्षणभर खाली येतो एवढंच, पण स्थिरावल्यावर व्ही भागिले आर, बास. तिथे इंडक्टन्सला काही काम नाही. मी पाठ केलेलं वाक्य एसी कॉन्टॅक्टरचं होतं. एसीमध्ये फट बंद झाली की इंडक्टन्स वाढतो, रिअॅक्टन्स वाढतो आणि करंट खरंच पडतो. नोट्समध्ये दोन्ही एकाच पानावर होतं आणि मी वरची ओळ न वाचता खालची पाठ केली होती. डीसीमध्ये करंट कमी व्हायला हवा असेल तर तो कमी करण्याची सोय कोणीतरी बसवावी लागते. सर नेमकं तेच विचारत होते.

आजोबांनी मग एक गंमत केली. स्विचच्या दोन पत्त्यांमध्ये व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा अडकवला, टेबल खाली केलं, मशीन चालू केलं आणि म्हणाले, "खेळ." फ्लिपर उचलला जात होता, पण म्हाताऱ्या माणसाने पाय उचलावा तसा. बॉल रॅम्पच्या तोंडापर्यंतही जाईना. स्विच कायमचा उघडा, म्हणजे बारीक वाइंडिंग सुरुवातीपासूनच सिरीजमध्ये. ते म्हणाले, पत्ते जळून काळे पडले की अगदी हेच होतं, आणि लोक नवीन कॉइल विकत आणतात.

नवीन 'ज्युरासिक पार्क'मध्ये हे दुसरं वाइंडिंग नाही. एकच कॉइल, ४८ व्होल्ट, आणि टेबलाखालच्या बोर्डवरचा ट्रान्झिस्टर. आधी क्षणभर पूर्ण जोर, मग भराभर चालू-बंद करून सरासरी करंट खाली आणायचा. तेच काम, फक्त स्विचच्या जागी प्रोग्रॅम. मला विचाराल तर शिकायला जुनंच बरं, कारण त्यात कार्डाचा तुकडा अडकवता येतो.

नोव्हेंबरमध्ये केटीची ओरल दिली. सर दुसरे होते, सोलेनॉइडबद्दल अवाक्षर विचारलं नाही. सगळे प्रश्न इंडक्शन मोटरवर. १६ मिळाले.

मात्र होस्टेलला परत आले त्या आठवड्यात पाण्याच्या पंपाचा स्टार्टर जोरात घुर्र करत होता आणि हात लावला तर चांगलाच गरम. मी पंपावरच्या काकांना उत्साहाने सांगायला गेले की काका, हा एसी कॉन्टॅक्टर आहे, आत फट राहत असणार, त्यामुळे इंडक्टन्स कमी, करंट जास्त... त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग खिशातून पॉलिश पेपर काढून दाखवला आणि म्हणाले, "कचरा बसलाय ताई, चुंबक नीट टेकत नाही. लाइट बंद करून घासणारच होतो, तुमच्या आंघोळी होईपर्यंत थांबलो होतो."