परीक्षेतील नक्कल : स्वभाव आणि परिस्थिती

माध्यमिक शाळेतील मुलगा परीक्षेत नक्कल करताना सापडला, की घरात पहिला प्रश्न उपस्थित होतो तो संस्कारांचा. आम्हां बालरोगतज्ज्ञांकडे हा मुलगा येतो तो मात्र पोटदुखी, डोकेदुखी किंवा झोप न लागणे अशी तक्रार घेऊन. नकलेची गोष्ट पुष्कळ वेळाने, बहुधा आईच्या तोंडून, कळते. (महाराष्ट्रात ‘कॉपी’, आपल्या माळव्यात ‘नकल’, विकार एकच.)

हा स्वभावाचाच दोष मानावा काय? अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे या संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांना नक्कल करण्याची, खोटे बोलण्याची संधी मिळेल अशा कसोट्या दिल्या. १९२८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष आजही विचार करावा असा आहे. मुलांची ‘प्रामाणिक’ व ‘अप्रामाणिक’ अशी सरळ विभागणी होत नाही. एका प्रसंगी फसवणारे मूल दुसऱ्या प्रसंगी चोख वागते. स्वभावाचा वाटा मुळीच नाही असे मात्र नव्हे. अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१५ मध्ये झाले; त्यात कर्तव्यदक्ष व सौजन्यशील विद्यार्थ्यांत नकलेचे प्रमाण कमी आढळले. पण हा संबंध माफक आहे, त्यावरून एखाद्या मुलावर शिक्का मारता येत नाही.

परिस्थितीचे पारडे मला अधिक जड वाटते. उत्तर प्रदेशात १९९२ साली नकलविरोधी अध्यादेश लागू झाला आणि दहावीचा निकाल पंधरा टक्क्यांच्या आत आला. लाखो मुलांचे स्वभाव एका वर्षात बदलत नसतात! शाळेत शिकण्यापेक्षा गुणांवर व बक्षिसांवर भर आहे असे ज्या मुलांना वाटते, ती नकलेची कबुली अधिक देतात, असेही १९९८ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसले. आपल्याकडे तर निकालाच्या दिवशी शेजारीही ‘किती टक्के?’ एवढेच विचारतात.

आपल्या व्यवसायाला हा विषय परका नाही. जुलै २०१३ मध्ये याच इंदूरमध्ये वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला दुसऱ्याच्या नावाने बसणारे तोतये पकडले गेले आणि व्यापमं प्रकरण उजेडात आले. असले सौदे मुले खाऊच्या पैशांतून करीत नाहीत.

एका गटाकडे मात्र डॉक्टर बंधुभगिनींनी विशेष लक्ष द्यावे, असे मला वाटते. तोंडी उत्तरे अचूक, पण लेखन अशुद्ध व अपुरे, वाचन अडखळत, आणि नववीत प्रथमच पर्चीसह पकडलेला. अशा मुलात वाचन-लेखनाची अध्ययनअक्षमता किंवा अवधानदोष असू शकतो. शिक्षेआधी दृष्टी व श्रवण तपासावे, मग मानसशास्त्रीय चाचण्या कराव्यात. अध्ययनअक्षमता प्रमाणित झाल्यास केंद्रीय मंडळाच्या परीक्षेत वाढीव वेळ व लेखनिक यांची सोय मिळते. हे काम आठवीतच हाती घेतले, तर दहावीचे अर्ज भरण्यापूर्वी प्रमाणपत्र तयार असते.