पाणी सगळ्यांचे

पाणी कोणाचे? विहीर कोणाची जात पुसत नाही. तहान लागली की घसा सगळ्यांचा सारखाच कोरडा पडतो. पण माणसाने पाण्यातही भेद केला. त्याची खरी हकिकत आज आपण वाचू.

पुण्यात जोतीराव फुले राहत. त्यांच्या घरी पाण्याचा हौद होता. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या लोकांना पाण्यासाठी वणवण करावी लागे. दुसऱ्यांच्या पाणवठ्याला शिवायची त्यांना बंदी होती. १८६८ साली जोतीरावांनी आपला हौद त्यांना खुला केला. असे करा म्हणून सरकारचा हुकूम नव्हता. हौद आपला, मग तो खुला करायला कोणाला विचारायचे?

आता कोकणात महाडला चला. तिथे चवदार तळे आहे. त्या तळ्यावर गुरे पाणी पीत. अस्पृश्य मानलेल्या माणसाला मात्र तिथे मज्जाव! १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव झाला. सरकारी पैशाने बांधलेले आणि राखलेले पाणवठे सगळ्यांना खुले, असे ठरले. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केले. पण ठराव राहिला कागदावर. तळ्यावर जायची कोणाची छाती होईना.

२० मार्च १९२७ चा दिवस उजाडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर चालत गेले. ओंजळीने पाणी प्याले. त्या कामात सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे ही सवर्ण मंडळीही त्यांच्याबरोबर होती. जात वेगळी, पण वाट एक.

मग गावात आवई उठली, "हे लोक आता देवळात शिरणार!" बातमी खोटी होती. पण ती कोणी पारखली नाही. लोक काठ्या घेऊन धावले. परगावाहून आलेल्या माणसांना त्यांनी मारले. पुढे तळे 'बाटले' म्हणून शेण-गोमूत्र घालून ते 'शुद्ध' केले! भांडण कोर्टात गेले. १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला. तळे सगळ्यांचे ठरले.

ती आवई लोकांना खरी का वाटली? एकमेकांकडे जाणे-येणे नव्हते, म्हणून. ज्याच्या ओसरीवर आपण कधी बसलो नाही, त्याच्याविषयी कोणी काहीही सांगावे आणि आपण मान डोलवावी, असे होते. भिंत उभी राहिली की भिंतीपलीकडचा माणूस भुतासारखा दिसू लागतो.

२६ जानेवारी १९५० पासून आपल्या देशाची घटना लागू झाली. तिने अस्पृश्यता बंद केली. विहिरी, तळी, रस्ते सगळ्यांना मोकळे केले. पण कायदा आपल्या घरात येऊन चहाची कपबशी पुढे करीत नाही. ती आपणच करायची असते. अजूनही कुठे पाणवठा वेगळा, कुठे कपबशी वेगळी, कुठे पंगत वेगळी. हे मोडायला मोठे धन लागत नाही. जोतीरावांनी घरापासून सुरुवात केली. आपणही तेच करू या.

प्रश्न
१. जोतीरावांनी हौद केव्हा व कोणाला खुला केला?
२. महाडला कोणती आवई उठली? ती लोकांना खरी का वाटली?
३. आपल्या गावात कोणाच्या घरी तुम्ही अजून पाणी प्यालेले नाही? का?