आधी सकाळी पोटभर खा

हे बघ राणी, रात्री दार लावून बिर्याणी, मग चिप्स, मग रूममेटचा केक; पोट दुखायला लागलं तरी हात थांबत नाही, आणि पीजीत कुणी उठायच्या आत रिकामे डबे खाली नेऊन टाकायचे. याला तू हावरटपणा म्हणालीस. तो शब्द आधी सोडून दे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमावलीत या त्रासाला २०१३पासून स्वतंत्र आजार म्हणून जागा आहे. तीन महिने, आठवड्यातून निदान एकदा असं होत असेल तर डॉक्टरांना सांगायचंच.

आता तुझा दिवस बघ. सकाळी नुसती ब्लॅक कॉफी, सिल्क बोर्डचं ट्रॅफिक, दुपारी सॅलड. का, तर साखरपुड्यात काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बंगळूरचं पाणी चांगलंच मानवलंय!" तू रात्रीला दोष देतेस, मला त्या कॉफीचा राग येतो.

१९४४-४५मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. वजन साधारण पाव हिश्शाने उतरलं, डोक्यात दिवसरात्र अन्नच. पुढे पोटभर मिळू लागल्यावरही काहीजण तुडुंब जेवून भुकेलेच राहायचे. ते सगळे हावरट होते का गं? त्यात तुझ्या वाट्याला खोलीतलं एकटेपण, मॅनेजरची बोलणी. खाताना तेवढा वेळ डोकं शांत होतं, म्हणून काहीतरी मागवायला हात मोबाइलकडे जातो. मग अपराधी वाटतं, "उद्यापासून कडक डाएट" ठरतं, आणि उद्या पुन्हा तीच उपासमार.

अशा खाण्याने वजन वाढू शकतं, खरं आहे. पण सडपातळ मुलींनाही हा त्रास असतो, आणि वजन जास्त असलेली प्रत्येक बाई असं खात नाही. तेव्हा वजनकाटा सध्या पलंगाखाली सरकव.

सकाळी खालच्या दर्शिनीत इडली-वडा खा. रात्री काहीही झालेलं असो, सकाळचं खाणं चुकवायचं नाही, आणि जागेपणी तीन-चार तासांहून जास्त उपाशी राहायचं नाही. निम्हान्स हे मानसिक आरोग्याचं रुग्णालय तुझ्याच शहरात आहे, होसूर रोडवर. जायचा धीर होत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६वर फोन लाव. मध्यरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढत असशील तर मात्र याच आठवड्यात डॉक्टरकडे जा, मी सुट्टी काढून येते सोबत.

काकूंशी मी बोलते. गणपतीत घरी येशील तेव्हा तुझ्या वजनाचा विषय कुणी काढणार नाही.