ताल राखणारा

गाणे रंगात आले की श्रोत्यांचे डोळे गायकावर खिळतात. त्याच्या शेजारी बसून ठेका धरणाऱ्या तबलजीकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. परंतु तोच तबलजी क्षणभर चुकला, तर सारी मैफल विसकटते. साथ करणाऱ्याचे काम असेच असते. ते नीट झाले तर कोणाच्या ध्यानात येत नाही. बिघडले तर मात्र सर्वांच्या ध्यानात येते.

विसाव्या शतकाच्या मध्याला पाश्चात्त्य देशांत रॉक नावाचे नवे संगीत उदयास आले. त्यात तालाचा भार ड्रमवादक वाहतो. लहानमोठे ड्रम आणि झांजा यांच्या मध्ये तो बसतो. त्याच्या दोन्ही हातांत काठ्या असतात आणि दोन्ही पायही कामात गुंतलेले असतात. उजव्या पायाने तो मोठा ड्रम वाजवतो, तर डाव्या पायाने झांजांची एक जोडी मिटतो आणि उघडतो. चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर मोठ्या ड्रमचा घुमारा आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर लहान ड्रमचा कडाका, हा या संगीताचा मूळ ठेका होय. तो शिकावयास फार दिवस लागत नाहीत. परंतु एवढ्याशा ठेक्यात स्वतःची अशी भर घालणे अत्यंत कठीण असते. ज्या मोजक्या वादकांना ते साधले, त्यांत रिंगो स्टार याचे नाव अग्रभागी आहे.

त्याचे मूळ नाव रिचर्ड स्टार्की. ७ जुलै १९४० रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहरी, डिंगल नावाच्या गरीब वस्तीत त्याचा जन्म झाला. तो अगदी लहान असतानाच वडील घर सोडून गेले. आई मिळेल ते काम करून संसार रेटू लागली. रिचर्ड सहा वर्षांचा असताना त्याच्या पोटातील आंत्रपुच्छ फुटले आणि विष आत पसरले. कित्येक दिवस तो बेशुद्ध होता. प्राण वाचले, परंतु जवळजवळ वर्षभर त्याला रुग्णालयात राहावे लागले. शाळा मागे पडली. आठव्या वर्षीही त्याला वाचता येत नव्हते. तेव्हा शेजारची एक मुलगी त्याला घरी येऊन शिकवू लागली.

दैवाला एवढ्याने समाधान नव्हते. १९५३ मध्ये त्याला क्षयरोग झाला आणि तो पुन्हा रुग्णालयात गेला. या वेळी त्याची दोन वर्षे तेथे गेली. दिवसभर खाटेवर पडून कंटाळणाऱ्या मुलांसाठी तेथे एक छोटा वाद्यमेळ चालवीत. त्यात रिचर्डला ताल धरण्याचा छंद जडला. वाद्य हाती नसेल तेव्हा दोऱ्याच्या रिळाची मोगरी करून तो खाटेशेजारच्या कपाटावर ताल वाजवी. ज्या खोलीत इतर मुले घरी जाण्याचे दिवस मोजीत, त्याच खोलीत या मुलाला आपल्या आयुष्याचे काम सापडले.

बरा झाल्यावर तो शाळेत परतला नाही. रेल्वेत निरोप्या, बोटीवर नोकर, कारखान्यात उमेदवार अशी कामे त्याने केली. १९५७ च्या नाताळात त्याच्या सावत्र वडिलांनी त्याला एक जुना ड्रमसंच आणून दिला. घरी बसून सराव करणे त्याला कधी रुचले नाही. चार वादकांबरोबर बसावे, त्यांचे ऐकावे आणि त्यांना शोभेल असे वाजवावे, हीच त्याची पाठशाळा ठरली. बोटांत अनेक अंगठ्या घालण्याच्या हौसेवरून त्याला रिंगो हे नाव मिळाले.

रिंगो जन्मतः डावखुरा होता. परंतु आजीने त्याला उजव्या हाताने लिहावयास लावले होते. ड्रमचा संचही त्याने उजव्या हाताच्या वादकासाठी मांडतात तसाच मांडला. अडचण आली ती येथे. अशा संचात ड्रम डावीकडून उजवीकडे क्रमाने मांडलेले असतात. उजवा वादक उजव्या हाताने आरंभ करतो आणि सहज पुढेपुढे सरकतो. रिंगोचा डावा हात मात्र आधी उठे आणि उजवीकडच्या ड्रमकडे जाताना दोन्ही हातांची अडवणूक होई. यातून वाट काढण्यासाठी तो क्षणभर थांबे, वेगळ्याच जागेवरून सुरुवात करी, मधला एखादा आघात गाळी. गाण्याच्या दोन ओळींमधील रिकामी जागा भरणारे त्याचे तुकडे त्यामुळे आगळेच वाटत. उजव्या हाताच्या वादकांना त्यांची हुबेहूब नक्कल करणे जड जाई. जे व्यंग वाटावे, तेच त्याचे वैशिष्ट्य झाले.

ऑगस्ट १९६२ मध्ये लिव्हरपूलच्याच बीटल्स या वाद्यवृंदाने आपला आधीचा ड्रमवादक दूर करून रिंगोला बोलावले. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन हे त्याचे तिघे सोबती. जुन्या वादकाच्या चाहत्यांनी रिंगोविरुद्ध आरडाओरडा केला. ४ सप्टेंबरला लंडनच्या ध्वनिमुद्रणगृहात त्यांनी 'लव्ह मी डू' हे गीत वाजवले. निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे समाधान झाले नाही. आठवड्याने, ११ सप्टेंबरला, रिंगो तेथे पोहोचला, तेव्हा ड्रमवर बसण्यासाठी एक भाडोत्री वादक बोलावण्यात आला होता! रिंगोच्या हाती खंजिरी देण्यात आली. आपली आता येथून गच्छंती होणार, असे त्याला वाटले. मनातून तो खचला. परंतु उठून गेला नाही. हाती आलेली खंजिरी त्याने तालात वाजवली. गंमत अशी की, ऑक्टोबरमध्ये त्या गीताची पहिली तबकडी निघाली, तिच्यावर रिंगोने ड्रम वाजवलेले ४ सप्टेंबरचेच मुद्रण होते. मार्टिन यांनी पुढे या प्रसंगाबद्दल त्याची अनेकवार क्षमा मागितली.

९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर प्रथम झळकले. सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. रिंगो उंच चौथऱ्यावर बसला होता, त्यामुळे त्याचे हात सर्वांना दिसले. पूर्वीचे बरेच ड्रमवादक डाव्या हातातील काठी तळव्यावर आडवी धरीत. लष्करी वादक ड्रम खांद्याला तिरपा अडकवून चालत, त्यांच्यापासून ती रीत आली होती. रिंगो दोन्ही काठ्या एकाच पद्धतीने धरी. त्याला पाहून असंख्य मुलांनी हीच पद्धत उचलली आणि ड्रमची मागणी झपाट्याने वाढली. पुढे ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाचा साथीदार म्हणून प्रसिद्धीस आलेला मॅक्स वाइनबर्ग तेव्हा अवघ्या बारा वर्षांचा होता. आपल्यावर रिंगोचा मोठा प्रभाव असल्याचे त्याने सांगितले आहे.

रिंगोची खरी कल्पकता १९६६ पासून अधिक खुलली. 'रेन' या गीताची वाद्ये जलद लयीत वाजवून मुद्रित केली आणि मग फीत संथ फिरवली. त्यामुळे ड्रमचा नाद जड आणि गूढ झाला. त्या गीतातील आपले वादन रिंगोला स्वतःला फार प्रिय आहे. त्याच वर्षी ध्वनितंत्रज्ञ जेफ एमरिक यांनी मोठ्या ड्रमच्या पोटात लोकरी स्वेटर कोंबला आणि ध्वनिग्राहक अगदी जवळ आणला. त्यामुळे घुमारा कमी होऊन आघात भरीव उमटू लागला. पुढे ड्रमवर साधे पंचे पसरूनही त्यांनी असाच प्रयोग केला. १९६७ च्या 'ए डे इन द लाइफ' या गीतात रिंगो केवळ ठेका धरून बसत नाही. गायकाची ओळ संपते न संपते तोच त्याचे ड्रम खोल, मंद स्वरात तिला जणू उत्तर देतात. गायक बोलत असता मध्येच बोलावयाचे नाही आणि तो थांबला की नेमके बोलावयाचे, ही जाण त्याच्या अंगी पुरती मुरली होती.

१९६८ च्या फेब्रुवारीत हे चौघे महर्षी महेश योगी यांच्या ऋषिकेश येथील आश्रमात आले होते. लहानपणीच्या आजारामुळे रिंगोचे पोट नाजूक होते. म्हणून तो इंग्लंडहून शिजवलेल्या घेवड्याचे डबे बरोबर घेऊन आला आणि सुमारे दहा दिवसांतच परत गेला. ऋषिकेशला रचलेल्या अनेक गीतांचे मुद्रण त्याच वर्षी लंडनमध्ये सुरू झाले. तेव्हा वाद्यवृंदात कुरबुरी वाढल्या होत्या. आपले वादन बरे होत नाही आणि इतर तिघे एकमेकांच्या जवळ असून आपणच परके आहोत, असे रिंगोला वाटू लागले. ऑगस्टमध्ये तो हे बोलून दाखवण्यासाठी सोबत्यांकडे गेला. उत्तर ऐकून तो थक्क झाला. सोबत्यालाही नेमके असेच वाटत होते की, बाकीचे तिघे एक असून एकटा पडलो आहे तो मीच! तरीही रिंगो निघून गेला. काही दिवसांनी सोबत्यांनी त्याला आग्रहाने परत बोलावले. सप्टेंबरच्या आरंभी तो मुद्रणगृहात शिरला, तो त्याचा ड्रमसंच फुलांनी सजवलेला त्याला दिसला. सहा वर्षांपूर्वी ज्याच्या जागी दुसरा वादक बसवला होता, त्यालाच या वेळी सोबत्यांनी आग्रहाने परत आणले होते.

स्वतःचे कौशल्य मिरवण्याची रिंगोला कधीच आवड नव्हती. इतर वाद्ये थांबवून एकट्याने ड्रम वाजवणे तो टाळी. १९६९ च्या 'द एन्ड' या गीतात सोबत्यांनी फार आग्रह केला, तेव्हा तो सुमारे पंधरा सेकंद एकटा वाजला. बीटल्सच्या साऱ्या मुद्रित गीतांत तेवढेच त्याचे एकट्याचे वादन आहे. या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणांचे अभ्यासक मार्क लुइसन यांनी नोंदवले आहे की, रिंगोच्या चुकीमुळे मुद्रण थांबवावे लागल्याचे प्रसंग डझनभरही नाहीत.

१९७० मध्ये बीटल्सचे सोबती वेगळे झाले. २०१८ मध्ये ब्रिटनने रिंगोला 'सर' हा किताब दिला. त्याच्याहून अधिक वेगाने वाजवणारे वादक पुष्कळ झाले आणि पुढेही होतील. तथापि त्याची गीते पुन्हा ऐकताना गायकाकडचे लक्ष थोडे काढून ड्रमकडे द्यावे. कोठे तो वाजवतो यापेक्षा कोठे तो थांबतो, हे न्याहाळावे. खाटेवर पडल्या पडल्या कपाटावर रीळ वाजवणाऱ्या त्या मुलाला काय गवसले होते, ते मग उमगू लागते.

स्वाध्याय

१. रुग्णालयातील दिवसांचा रिचर्डला कोणता लाभ झाला?
२. डावखुरेपणामुळे रिंगोच्या वादनात कोणते वैशिष्ट्य आले, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.
३. ११ सप्टेंबर १९६२ आणि सप्टेंबर १९६८ या दोन प्रसंगांतील फरक लिहा.
४. तुमच्या आवडीचे एखादे गाणे केवळ तालाकडे लक्ष देऊन ऐका आणि जे नवे ध्यानात येईल, ते दहा ओळींत लिहा.