सासूबाईंच्या ऑपरेशनआधी शुगरची वही उघड

अगं, गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली म्हणालीस आणि लगेच रजा किती टाकू, डबा कोण देईल याच्या मागे लागलीस. ते होईल गं. आधी सासूबाईंच्या शुगरचं बघ.

एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, कधी केलं होतं? 8 च्या खाली असेल तर उत्तम. 10 वगैरे निघालं, तर डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलतील, चिडू नकोस. साखर चढलेली असली की जखम भरायला वेळ लागतो, आणि नव्या सांध्यात जंतुसंसर्ग झाला तर तो सहजी निघत नाही.

भूलतज्ज्ञ बघायला येतील तेव्हा गोळ्यांची पाकिटंच समोर ठेव. ‘शुगरची एक पांढरी गोळी’ एवढ्याने भागत नाही. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती 3 दिवस आधीच थांबवतात. उपाशी असताना तिच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकतं, आणि शुगर मात्र फारशी वाढलेली दिसत नाही, म्हणून लवकर लक्षातही येत नाही. मेटफॉर्मिन सहसा ऑपरेशनच्या दिवशी देत नाहीत. इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही हं! आदल्या रात्री किती घ्यायचं, ते कागदावर लिहून घे.

सकाळचा पहिला नंबर माग, म्हणजे उपास लांबत नाही. दर दोन-चार तासांनी बोटाला टोचतील, तेव्हा ‘किती टोचता’ म्हणून सिस्टरशी वाद घालू नकोस. एरवी शुगर उतरली की सासूबाईंना दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, त्या स्वतःच सांगतात. भुलीच्या गुंगीत यातलं काही कळत नाही, मीटरवरच भिस्त. म्हणून आकडा साधारण 100 ते 180 मध्ये ठेवतात, फार खाली आणायचा हट्ट धरत नाहीत. पोटात काही नसतानाही तो 200 वर गेला तर घाबरू नकोस. ऑपरेशनच्या ताणानेच शरीर साखर वाढवतं, उलटी होऊ नये म्हणून देतात त्या डेक्सामेथासोननेही वाढते.

घरी आणल्यावर बोट धुऊन, कोरडं करून मगच टोच. नुकतंच फळ सोललेलं असेल तर बोटावरच्या गोडाने आकडा खोटा चढतो. 70 च्या खाली आला तर तीन चमचे साखर पाण्यातून दे आणि 15 मिनिटांनी पुन्हा बघ.

आणि हे सगळं आयत्या वेळेवर टाकू नकोस. उद्याच फोन करून भूलतज्ज्ञांची वेळ घे.