पहिली-दुसरीच्या पोरांना समुपदेशक कशाला?

प्रश्न : माझी नात नगरमध्ये एका खासगी शाळेत दुसरीला आहे. तिच्या शाळेत यंदा समुपदेशक बाई आल्यात. दहावी-बारावीच्या मुलांचं समजू शकतो, पण एवढ्याशा पोरांना कसलं समुपदेशन? या बाई दिवसभर करतात तरी काय? आणि आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चाळीसेक पोरं आणि दोन गुरुजी. तिथल्या एखाद्या पोराला गरज पडली तर त्याच्यासाठी कोण आहे?
– एक आजोबा, शेवगाव तालुका

उत्तर : आजोबा, तुमचे तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. शेवटचा सर्वांत अवघड आहे, म्हणून पहिले दोन आधी घेऊ.

दहावीच्या मुलाला ताण आला तर तो निदान ‘टेन्शन आलंय’ एवढं तरी सांगतो. सात वर्षांच्या मुलीला ते सांगता येत नाही. तिला शाळेची धास्ती बसली की सोमवारी सकाळी तिचं पोट दुखतं. ते खरंच दुखत असतं, ती ढोंग करत नसते. घरात रोज भांडणं ऐकणारा मुलगा वर्गात शेजारच्याला चिमटे काढतो. धाकटं भावंड आलं की मोठ्याची सुटलेली सवय परत येते आणि अंथरूण ओलं होऊ लागतं. घरी अखंड बडबडणारं एखादं मूल शाळेत महिनोन्‌महिने तोंड उघडत नाही. आपण मोठी माणसं याला हट्ट, आळस, वांडपणा अशी नावं देऊन मोकळे होतो. त्यामागचं कारण शोधायचं आणि ते घरच्यांना व शिक्षकांना समजावून द्यायचं, हे प्राथमिक शाळेतल्या समुपदेशकाचं मुख्य काम. या वयात कारण सापडलं तर पुष्कळदा थोडक्या उपायांनी भागतं. तेच दुखणं आठवी-नववीपर्यंत साचत गेलं, तर फार जड जातं.

आता त्या बाई दिवसभर काय करतात ते पाहू. त्यांचं पहिलं काम पाहण्याचं. त्या वर्गात मागे बसतात, डबा खाताना आणि मैदानावर मुलांमध्ये असतात. कोण एकटं बसतं, कुणाला खेळात घेत नाहीत, कोण फळ्याकडे डोळे बारीक करून बघतं, हे सारं टिपून ठेवतात. मग मुलाशी बोलणं. तेही ‘काय झालं, सांग’ असं समोर बसवून नव्हे. चित्रं, माती, बाहुल्या, भातुकली यांतून लहान मूल मनातलं बाहेर काढतं. बाहुलीच्या घरातला बाबा रोज ओरडत असेल, तर ऐकणाऱ्याला पुढे काय विचारायचं ते कळतं. त्यानंतर पालकांशी आणि वर्गशिक्षकांशी बोलणं, आणि त्यांचा बराचसा वेळ यातच जातो. घरातली आणि वर्गातली परिस्थिती बदलणं मुलाच्या हाती नसतं, मोठ्यांच्या हाती असतं.

वाचन न येणाऱ्या तिसरीतल्या मुलाचं उदाहरण घ्या. त्याला ‘ढ’ ठरवायच्या आधी समुपदेशक त्याचे डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगते. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांमध्ये येऊन अशी तपासणी करतात. त्यात काही निघालं नाही, तर मुलाची घरची बोली वेगळी आहे का, मधले काही महिने शाळा बुडली का, हे ती पाहते. पहिली-दुसरीत अक्षरं उलटसुलट होणं बहुतेक मुलांच्या बाबतीत घडतं, म्हणून अध्ययन अक्षमतेची रीतसर चाचणी साधारण आठ वर्षं पूर्ण झाल्यावर करतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये ही अक्षमता धरलेली आहे. तिचं प्रमाणपत्र समुपदेशक देत नाही, त्यासाठी ती ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयाची वाट दाखवते. पण तोवर ती हातावर हात ठेवून बसत नाही. या मुलाला सगळ्यांसमोर एकट्याने वाचायला उभं करू नका, त्याचं उत्तर तोंडी ऐकून घ्या, चुकलं म्हणून तोच शब्द वीस वेळा लिहायला लावू नका, असं ती वर्गशिक्षकांना सांगते. एवढ्यानेही काही मुलांची शाळेची भीती ओसरते.

काही तास ती सगळ्या वर्गासाठी घेते. राग आला तर काय करायचं, आपली पाळी येईपर्यंत कसं थांबायचं, कुणाचा स्पर्श नकोसा वाटला तर कुणाला सांगायचं, हे खेळातून शिकवते. ती डॉक्टर नाही, त्यामुळे औषध देत नाही. आणि तिची खोली शिक्षेची जागा नाही. ‘दंगा केलास, जा समुपदेशक बाईंकडे’ असं एकदा सुरू झालं की दुसरं मूल तिथे आपणहून कधी जाणार नाही. मुलाने सांगितलेलं ती शिक्षकांच्या खोलीत चघळत नाही. मात्र लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर ती गुप्त ठेवता येत नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चांगली समुपदेशक मुलांना हे आधीच सोप्या भाषेत सांगून ठेवते.

आता तुमच्या गावच्या शाळेकडे येऊ. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. त्याच कायद्याच्या कलम १७ने मुलांना मारणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं यांवर बंदी आली, पण शिक्षकसंख्येच्या कोष्टकात समुपदेशक आला नाही. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अनेक शाळांच्या संकुलाला मिळून समुपदेशक द्यावेत, असं सुचवलं. पुढे २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल निर्देश दिले. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायला हवं, असं त्यात आहे. तुमची चाळीस पोरांची शाळा या दुसऱ्या भागात मोडते.

जोडून घ्यायला जिल्ह्यात काहीच नाही, असंही नाही. ‘समग्र शिक्षा’ योजनेचे विशेष शिक्षक शाळाशाळांत फिरतात आणि तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाची माणसं असतात. नगरच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. संकटातल्या मुलासाठी १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो. १९८९पासून नगरमध्ये काम करणाऱ्या स्नेहालय संस्थेने या हेल्पलाइनचं जिल्ह्यातलं काम अनेक वर्षं सांभाळलं. मन मोकळं करायला किंवा सल्ला घ्यायला १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शासनाने २०२२ साली शाळांमध्ये सखी सावित्री समित्या नेमायला सांगितलं. म्हणजे सोयी आहेत, पण त्या विखुरलेल्या आहेत. एका विशिष्ट मुलाला त्यांतल्या नेमक्या सोयीपर्यंत नेणारं आणि पुढे त्याची विचारपूस करत राहणारं माणूस नाही. तो सगळा भार आज दोन गुरुजींवर आहे, आणि त्यांच्यापुढे चार-पाच इयत्ता एकाच खोलीत बसलेल्या असतात.

तुमच्या भागात तर हे माणूस हवंच हवं. शेवगाव, पाथर्डी, जामखेड या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे नवरा-बायको दोघांना जावंच लागतं. पोरं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, नाहीतर आईबापांबरोबर फडावर जातात. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी हे चार-पाच महिने फार मोठे असतात. दिवाळीनंतर अचानक गप्प झालेलं किंवा मारामाऱ्या करू लागलेलं पोर बिघडलेलं नसतं, त्याला आईची आठवण येत असते. फडावरून फाल्गुन-चैत्रात परतलेलं पोर वर्गात मागे पडलेलं असतं आणि त्याला त्याची लाज वाटते.

अशा वेळी समुपदेशक काय करेल, ते ऐका, कारण त्यातलं बरंचसं तुम्हालाही करता येईल. आईबाप निघण्याआधी मुलाला ते कुठे, कशासाठी आणि अंदाजे कुठल्या सणापर्यंत जाताहेत, हे खरं खरं सांगायचं. पोर झोपेत असताना निघून जायचं नाही. फोनची वेळ ठरवायची आणि ती पाळायची. गावात किंवा वसतिगृहात त्याचं म्हणून एक मोठं माणूस नेमायचं, जे रोज त्याची चौकशी करील. परत आल्यावर पहिला आठवडा ‘काय काय बुडलं’ याची उजळणी नको. त्याने पाहिलेल्या गाड्या, कारखाने, कोप्यांचे तळ यांबद्दल वर्गात बोलू द्यावं, चित्रं काढू द्यावीत.

माणूस नेमण्याचा रस्ताही आपल्या व्यवस्थेत तयार आहे. आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्याला केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख असतात, शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. प्रत्येक शाळेत पूर्णवेळ समुपदेशक आज होणार नाही, पण केंद्राला एक समुपदेशक आणि प्रत्येक शाळेत त्याचा आठवड्यातला ठरलेला वार एवढं मागणं मुळीच अवास्तव नाही. ऊसतोडीच्या गावांना त्यात आधी नंबर मिळायला हवा.

शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. गावातल्या पालकांना घेऊन पुढच्या बैठकीला जा. आपली शाळा कुठल्या तज्ज्ञाशी जोडलेली आहे, असा प्रश्न विचारा, उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि केंद्राला समुपदेशक मिळावा असा ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. नगरच्या शाळेत तुमच्या नातीला जे मिळालंय, त्यावर गावातल्या त्या चाळीस पोरांचाही तितकाच हक्क आहे.