लाव्यांचा दाणा आणि आसरा : माळावरची व बांधावरची गवते ओळखा



सोलापूर, अहिल्यानगर, तसेच साताऱ्याचे माण-खटाव यांसारख्या कमी पावसाच्या भागात माळावरून चालताना पायाजवळून अचानक फर्रकन आठ-दहा पक्षी उडतात आणि थोड्या अंतरावर पुन्हा गवतात दिसेनासे होतात. हेच लावे. शेतातील तणांचे बी, वाळवी, मुंग्या व लहान किडे हे त्यांचे खाद्य. एखाद्या शिवारात लावे टिकतात आणि शेजारच्या शिवारात दिसत नाहीत, याचे कारण बहुतेक वेळा बांधावरच्या गवतात सापडते. गवत असले म्हणजे पुरे, असे मात्र नाही. लाव्याला दाणा देणारे गवत वेगळे आणि घरट्याला आसरा देणारे गवत वेगळे. ही दोन्ही गवते एकमेकांच्या जवळ असावी लागतात. ती कशी ओळखावीत, याची माहिती या लेखात दिली आहे.

लाव्याची गरज काय?

आपल्या कोरडवाहू भागात झुडपी माळावर थव्याने राहणारे लावे वर्षभर आढळतात. त्यांची वीण साधारणपणे पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्यापर्यंत चालते. छातीवर काळा डाग असलेला लावा पावसाबरोबर गवताळ रानात व पिकांत दिसू लागतो आणि मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात अंडी घालतो. तिसरा लावा हिवाळी पाहुणा असून तो हरभरा-गव्हाच्या रानात उतरतो.

या पक्ष्यांचे घरटे झाडावर नसते. गवताच्या ठोंबाच्या किंवा झुडपाच्या बुडाशी जमीन थोडी उकरून, त्यात काडीकचरा पसरून मादी अंडी घालते व सुमारे अडीच आठवडे उबवते. पिले अंड्यातून बाहेर पडताच चालू लागतात. सुरुवातीचे काही आठवडे त्यांचा भर दाण्यापेक्षा किड्यांवर असतो. म्हणून ठोंबाला लपण आणि दोन ठोंबांमध्ये पिलांना फिरण्यापुरती मोकळी जमीन, अशी रचना त्यांना लागते.

ओळखण्याची पहिली पायरी

गवत उभ्याने पाहू नका. बांधावर बसा आणि गवताच्या बुडाशी पाहा. तीन गोष्टी तपासा. एक, गवत ठोंबाने वाढते की जमिनीवर पसरते? दोन, दोन ठोंबांमध्ये मोकळी जागा आहे का? तीन, कणसातला दाणा गोल व गुळगुळीत आहे की कुसळाचा? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून गवताचा उपयोग बराचसा कळतो. गवतांची गावठी नावे तालुक्यागणिक बदलतात, म्हणून नावापेक्षा खुणेवर भर द्यावा.

घरट्याला आसरा देणारी गवते

१) पवना किंवा शेडा : शास्त्रीय नाव सेहिमा नर्व्होसम. बहुवर्षायू, ठोंबाने वाढणारे गवत. दांड्याच्या टोकाला एकच सरळ, फिकट रंगाचा, कुसळे असलेला तुरा येतो. हे गवत टिकून असणे हे माळ चांगल्या स्थितीत असल्याचे लक्षण समजावे.

२) डोंगरी : शास्त्रीय नाव क्रायसोपोगॉन फुल्वस. याचा तुरा मोकळा, फांद्याफांद्यांचा असतो. फांद्यांच्या टोकांना सोनेरी-तांबूस केसांचा बारीक झुपका दिसतो. पाने बुडाशी दाटीने असतात, त्यामुळे घरटे चांगले झाकले जाते.

३) मारवेल : शास्त्रीय नाव डायकँथियम ॲन्युलेटम. याची खूण अगदी सोपी आहे. खोडाच्या प्रत्येक पेरावर पांढऱ्या केसांचे कडे असते. तुरा हाताच्या बोटांसारखा, बऱ्याचदा जांभळट झाक असलेला.

४) कुसळी : शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. तपकिरी लांब कुसळे पिळून एकमेकांत गुंततात. धोतराला व मेंढीच्या लोकरीला चिकटणारी ती हीच. बुडाशी पानांची आवरणे चपटी असतात. दाणा टोकदार असल्याने लाव्याच्या दृष्टीने त्याचे मोल कमी, परंतु वाळल्यावरही ठोंब उभा राहत असल्याने आसरा चांगला.

यांपैकी पहिली तीन गवते जनावरांसाठी उत्तम वैरण आहेत व बांधाची मातीही धरून ठेवतात. म्हणजे लाव्यासाठी वेगळी जमीन सोडावी लागत नाही.

दाणा देणारी गवते

१) रानसावा : शास्त्रीय नाव एकायनोक्लोआ कोलोना. ओलसर जागी, चारीच्या कडेला व खरीप पिकात येतो. पान व खोड यांच्या सांध्यावर बहुतेक गवतांना बारीक पापुद्रा किंवा केसांची कड असते, ती रानसाव्याला नसते. आखूड कणसांवर बिनकुसळाचे दाणे ओळीने बसलेले दिसतात.

२) राळ्याच्या जातीची रानटी गवते : शास्त्रीय नाव सेटारिया. कणीस कोल्ह्याच्या शेपटीसारखे, राठ केसांचे. अंजन गवताचे कणीसही असेच दिसते, त्यामुळे गल्लत होते. पिकलेले कणीस बोटांत धरून ओढून पाहा. दाणे गळून केस दांडीवरच राहिले तर ते राळ्याच्या जातीचे, केसांसकट दाणा सुटून आला तर अंजन. अंजन वैरणीला व आसऱ्याला चांगले, पण त्याचा दाणा केसांत गुंडाळलेला असतो.

३) नाचणीसारखी बोटे असलेले जमिनीलगतचे गवत : शास्त्रीय नाव डॅक्टिलोक्टेनियम इजिप्टियम. दांड्याच्या टोकाला दोन ते पाच आखूड बोटे चांदणीसारखी पसरतात आणि प्रत्येक बोटाच्या शेवटी काट्यासारखे उघडे टोक पुढे आलेले असते. दाणा बारीक, तांबूस, सुरकुतलेला.

ही गवते पिकात तणेच आहेत, हे विसरू नये. पिकातील रानसावा बी धरण्यापूर्वी जरूर काढावा. मात्र ओढ्याकाठी, पडीक तुकड्यात व चारीच्या टोकाला ती राहिली तर पिकाचे फारसे बिघडत नाही आणि लाव्यांना दाणा मिळतो.

फसवी गवते

हराळी हिरवीगार दिसते, परंतु ती जमिनीवर चटईसारखी पसरते. तिच्यात घरटे लपत नाही आणि घट्ट विणीमुळे पिलांना चालताही येत नाही. ज्या बारीक गवताच्या प्रत्येक कुसळाला तीन फाटे असतात, ते माळभर माजले असेल तर अतिचराईने माळ खालावला आहे असे समजावे. गाजर गवत हे तर गवतच नव्हे. ते चांगली गवते दाबून टाकते, म्हणून फुलोऱ्यापूर्वी मुळासकट उपटावे.

काय करावे, काय टाळावे?

१) बांध पेटवू नयेत. उन्हाळ्यात बांध जाळल्यावर पहिल्या पावसात उतरणाऱ्या लाव्याला एकही जुना ठोंब उरत नाही. नवे गवत उंच होईपर्यंत विणीचा महत्त्वाचा काळ निघून जातो.

२) सर्व गवत एकाच वेळी कापू नये. बी गळाल्यानंतर कापणी करावी, बांधाचा किंवा माळाचा एक तृतीयांश भाग उभा ठेवावा आणि दरवर्षी हा भाग बदलावा. कापताना विळा वीतभर उंचीवर चालवावा. त्यामुळे फुटवाही चांगला येतो.

३) कापणी मधून सुरू करून कडेकडे जावे, म्हणजे पक्ष्यांना बाहेर निघण्यास वाट राहते. कापणीचा हंगाम व माळावरच्या लाव्यांची वीण यांची गाठ पडते. घरटे आढळल्यास हात न लावता भोवतालचे चार-पाच ठोंब तसेच सोडावेत. मादी परतते.

४) औषध लावलेले बियाणे पेरताना बांधालगत सांडल्यास ते मातीआड करावे. लावे जमिनीवरचा दाणा वेचतात.

५) बांधावर तणनाशक मारू नये. त्याने तण, वैरण आणि आसरा तिन्ही एकदम जातात.

रानातील लावे धरणे, जाळी लावणे किंवा अंडी उचलणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. कुक्कुटपालनात पाळला जाणारा जपानी लावा हा वेगळा पक्षी आहे, हेही लक्षात ठेवावे.

यंदा कणसे पिकण्याच्या सुमारास, म्हणजे साधारण दसरा-दिवाळीच्या दरम्यान, आपल्या शेताचा एक बांध निवडावा. वर दिलेल्या खुणांवरून त्यावरील गवतांची यादी करावी व प्रत्येकापुढे 'दाणा', 'आसरा' किंवा 'दोन्ही नाही' असे लिहावे. यादीत फक्त हराळी आणि तीन फाट्यांचे गवत आले तर पुढच्या पावसाळ्यात पवना, डोंगरी किंवा मारवेलचे ठोंब लावावेत. बांध टिकेल, जनावरांना वैरण मिळेल आणि लाव्यांनाही घरट्याला जागा मिळेल.